आठशे रुपयांचा वाढदिवस : तिसरी 'ब'च्या पालकांना एक खुलं पत्र

प्रति,
तिसरी 'ब' पालक ग्रुपच्या ॲडमिन ताई आणि वर्गातले सगळे आई-बाबा,

सप्रेम नमस्कार.

मंगळवारी रात्री पावणेअकराला आपल्या ग्रुपवर पोल पडला. 'बर्थडे गिफ्ट काँट्री, दर मुलामागे किती?' काँट्री म्हणजे वर्गणी, दर वाढदिवसाला प्रत्येक घरानं द्यायची. पर्याय तीन : ५००, ८००, १०००. सकाळी नऊला पोल बंद. अडतीस घरांपैकी सतरा घरांनी बोट लावलं, त्यातल्या नऊ जणांनी ८००वर, आणि साडेनऊला 'सर्वानुमते ठरलं' असा मेसेज आला. खाली तीन केक. सर्वानुमते या शब्दाचा अर्थ एवढा स्वस्त झालाय हे मला माहीत नव्हतं. 'काही नको' किंवा 'ज्याला जमेल तसं' असा चौथा पर्याय त्यात नव्हताच. मी कशावरच बोट लावलं नाही, म्हणून हे पत्र.

ग्रुपवरच लिहिलं असतं, पण तिथं ते अर्ध्या तासात गृहपाठाच्या फोटोंखाली गाडलं गेलं असतं. शिवाय हे दुखणं एकट्या आपल्या वर्गाचं नाही. गेल्या पंधरवड्यात दोन वेगळ्या शाळांतले पालक माझ्या काउंटरसमोर उभे राहून हेच बोलत होते. म्हणून उघड लिहितो. शाळेचं नाव लिहीत नाही, कुणा आईचं-मुलाचंही लिहीत नाही.

काउंटर म्हणालो ते अशासाठी, की सिंहगड रोडला माझं स्टेशनरी आणि गिफ्टचं दुकान आहे. बारा वर्षं झाली. आठवड्यातून एकदा रविवार पेठेत बोहरी आळीला जातो, गाडीवर खोकी बांधून माल आणतो आणि तुम्ही तो वाढदिवसाला घेऊन जाता. म्हणजे भेटवस्तू जितक्या महाग तितकं माझं बरं. उलट कुणी असंही म्हणेल, की काँट्रीचे पैसे ऑनलाइन जाणार, दुकानात येणार नाहीत, म्हणून हा ओरडतोय. म्हणा. हिशेब मात्र तपासून घ्या, तो खाली दिलाय.

आधी दुकानात काय दिसतं ते सांगतो. वाढदिवसाचं गिऱ्हाईक दारातूनच बोलतं, "पाचशेपर्यंत दाखवा, पण दिसायला मोठं पाहिजे." मुलगा की मुलगी हे ते सांगतात, वय सांगतात, पण त्याला काय आवडतं हे मी विचारलं की दहातले आठ जण गप्प होतात. मग खोक्याच्या आकारावर निवड होते. आत बोटभर गाडी आणि बाहेर उशीएवढं खोकं, हा माल सगळ्यात आधी संपतो. पॅकिंग करताना काही जण म्हणतात "किंमतीचं स्टिकर काढा", आणि काही जण हळूच म्हणतात "राहू द्या". राहू द्या म्हणणारे वाढलेत. मी बोलत नाही, चिकटपट्टी लावतो.

गेल्या जूनमध्ये मी एक रंगांची सुटकेस विकली. खडू, तेली खडू, स्केचपेन, जलरंग सगळं एकात. ६४९ रुपये. आमच्या धंद्यात खरेदीचा भाव डब्याच्या तळाशी अक्षरांत लिहितात, प्रत्येक दुकानदाराची आपली खूण असते. सप्टेंबरमध्ये एक ताई तीच सुटकेस घेऊन आल्या, "दोन झाल्यात, बदलून द्या." कागद दुसरा, रिबन दुसरी, तळाशी अक्षरं माझीच. बदलून दिली. नोव्हेंबरमध्ये मी ती पुन्हा विकली, खोटं कशाला बोलू, सील तुटलेलं नव्हतं. जानेवारीत ती तिसऱ्या घरातून परत आली, झाकणाच्या घडीत कुणाचं तरी चिमुकलं कार्ड अडकलेलं. फेब्रुवारीत ती आपल्याच वर्गातल्या एका वाढदिवसाला गेली. आठ महिन्यांत एकाही पोरानं त्यातला एक खडू कागदावर ओढलेला नाही.

ॲडमिन ताईंचं म्हणणं मला कळतं. दहा सारखे डबे घरात येऊन पडण्यापेक्षा सगळ्यांनी मिळून एक कामाची वस्तू द्यावी, हा विचार चांगला आहे. गेल्या वर्षी एका मुलाला सगळ्यांनी मिळून सायकल दिली. तो पोरगा अजून ती चालवतो, मी रोज बघतो. तेव्हा रक्कम ठरलेली नव्हती, कुणी शंभर दिले, कुणी पाचशे, आणि कुणी किती दिले हे कुणालाच माहीत नव्हतं. माझं भांडण काँट्रीशी नाही. ठरलेल्या आठशेशी आणि कुणी भरले, कुणी नाही हे दाखवणाऱ्या त्या यादीशी आहे.

आता हिशेब. वर्गात अडतीस मुलं. गेल्या वर्षी ग्रुपवर चोवीस वाढदिवसांची आमंत्रणं आली, मी जुने मेसेज मोजले. उरलेल्या चौदा घरांनी पार्टी केली नाही. ऐपत नव्हती, जागा नव्हती, घरात दुःख होतं, काहीही असेल. तुमच्या ठरावानुसार ज्याची पार्टी त्याची काँट्री. म्हणजे दर वाढदिवसाला सदतीस घरांचे प्रत्येकी ८००, एकूण २९,६००. पार्टी करणारं घर उरलेल्या तेवीस वाढदिवसांना १८,४०० रुपये देणार आणि स्वतःच्या वाढदिवसाला २९,६०० घेणार. वर ११,२०० राहिले. पार्टी न करणारं घर चोवीस वाढदिवसांना १९,२०० देणार आणि त्याच्या हातात येणार शून्य. चौदा घरांचे मिळून २,६८,८०० रुपये गेले. चोवीस गुणिले ११,२०० करून बघा, आकडा तोच येतो. रुपया इकडचा तिकडे होत नाही.

ज्यांना हॉल परवडत नाही त्यांच्या पैशातून, ज्यांना परवडतो त्यांच्या पोरांना हे गिफ्ट आहे. आमच्या दुकानाच्या ओळीत दहा जणांची भिशी चालते. तिथंसुद्धा प्रत्येकाचा नंबर लागतो. पैसे भरायचे आणि नंबर कधीच लागणार नाही, अशी भिशी कुणी चालवली असती तर लोकांनी त्याच्या दुकानाचं शटर खाली ओढलं असतं.

आणि ती चौदा घरं कुणाची, हेही बघा. सगळीच नाहीत, पण त्यातली आठ-नऊ मुलं आरटीईतून, म्हणजे शिक्षण हक्क कायद्यातून आलेली आहेत. हा कायदा २००९ चा, त्यातल्या बाराव्या कलमानं खासगी शाळेला पहिल्या वर्गातल्या पंचवीस टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांसाठी ठेवाव्या लागतात. आपल्या राज्यात दुर्बल घटकातून प्रवेश घ्यायचा तर घरचं वर्षाचं उत्पन्न एक लाखाच्या आत असावं लागतं. एक लाखातून १९,२०० काढा. जवळजवळ पाचवा हिस्सा, इतरांच्या मुलांच्या वाढदिवसाला. ज्या मुलाला सरकारनं फी माफ केली, त्याच्यावर आपण रात्री पावणेअकराला दुसरी फी बसवली. २०२४ च्या फेब्रुवारीत सरकारनं नियम बदलून बऱ्याच खासगी शाळांना या पंचवीस टक्क्यांतून मोकळं केलं होतं. पालक आणि संघटना मुंबई उच्च न्यायालयात गेले आणि जुलैमध्ये न्यायालयानं तो बदल रद्द केला. एवढं भांडून टिकवलेल्या जागेवर बसलेल्या पोराला आपण एका पोलनं अवघडून टाकायचं?

फीवरून आठवलं. शाळेला साधी फी वाढवायची असली तरी २०११ च्या शुल्क कायद्यानं पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीपुढे प्रस्ताव ठेवावा लागतो. गेल्या वर्षी शाळेनं तीन हजार वाढवले तेव्हा आपणच किती आरडाओरडा केला होता. "आम्हाला विचारलं का?" असा मेसेज ज्यांनी टाकला होता, त्यांनीच हा पोल टाकलाय. नाव घेत नाही, त्या स्वतः वाचतायत.

आता ती यादी. गुरुवारी ग्रुपवर तक्ता आला, अडतीस नावं, भरले त्यांच्यापुढे हिरवी खूण, न भरलेल्यांपुढे लाल फुली. माझ्या गावाकडे, भोर तालुक्यात, लग्नात आहेर माईकवर पुकारायचे. "अमुक अमुक यांच्याकडून एकशे एक रुपये," मग पुढचा, "यांच्याकडून अकरा रुपये." अकरावाला मांडवाच्या मागच्या बाजूनं निघून जायचा. माझे चुलते एकदा तसे गेले होते, मी त्यांच्याबरोबर होतो, पंगतीला बसलो नाही. ती चाल आता गावातसुद्धा कमी होत चाललीय, पत्रिकेवर 'कृपया आहेर आणू नये' छापतात. आणि आपण पुण्यात, शिकलेले लोक, माईकऐवजी तक्ता घेऊन बसलोय.

मुलांच्या कानावर हे जात नाही असं समजू नका. मोबाइल त्यांच्याच हातात असतो. मागच्या शनिवारी एक आई दुकानात आली, बरोबर आपल्याच मुलांच्या वयाची लेक. (ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदललेत.) आईनं ९० रुपयांची स्केचपेनची पेटी हातात घेतली, बारा रंगांची. उलटसुलट करून बघितली, ओढणीच्या टोकानं तिच्यावरची धूळ पुसली. पोरगी हळू आवाजात म्हणाली, "ही नको आई. मला पोटात दुखतंय असं सांगू आपण." आईनं पेटी होती तिथं सरळ करून ठेवली, आणि "दुरेघी वही द्या" म्हणाली. वहीचे पैसे दिले आणि गेल्या. तीस वर्षं मी दुकानांतच काढलीत, आधी मामाच्या आणि मग माझ्या, पण त्या दिवशी गल्ल्यात पैसे टाकताना मान खाली गेली. कारण 'पाचशेचे', 'हजारचे' अशा पाट्या लावून मांडणी करणारा मीच. त्या पाट्या मी रविवारी काढल्या.

घरचंही सांगतो, नाहीतर म्हणाल दुसऱ्याकडेच बोट दाखवतो. माझी लेक दुकानात वाढली. गेल्या वर्षी तिच्या वाढदिवसाला भेटी उघडताना ती एकेक वस्तू उचलून म्हणत होती, "बाबा, हे आपल्याकडचं, तीनशे वीसचं." "हे दोनशे ऐंशीचं." पाहुणे हसले, मीही हसलो. मग तिनं सगळ्या वस्तू ओळीनं लावल्या, महागातलं आधी. शेवटी होतं मैत्रिणीनं स्वतः रंगवलेलं भेटकार्ड, त्याला किंमत नाही म्हणून ते तिनं बाजूला ठेवलं. आठ वर्षांची पोर. हे तिला आम्ही शिकवलं, आणखी कोण?

काही जण म्हणतील, आजकाल आठशेत येतंच काय. खेळणी महागली हे खरं आहे. २०२० च्या अर्थसंकल्पात बाहेरून येणाऱ्या खेळण्यांवरचं शुल्क वीसवरून साठ टक्के केलं, २०२३ मध्ये सत्तर केलं. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यावर आयएसआयची खूण सक्तीची झाली. ते चांगलंच झालं, पूर्वी तोंडात घातलं की रंग सुटायचा असला माल यायचा. पण महाग झालंय ते बॅटरीवालं, रिमोटवालं खोकं. उलट २२ सप्टेंबर २०२५ पासून पेन्सिल, खडू, खोडरबर, वह्या यांच्यावरचा जीएसटी शून्य आहे. दीडशे रुपयांत आठ वर्षांच्या पोराला काय देता येतं, हे मला विचारा. चांगले तेली खडू येतात. भोवरा आणि जाळी येते, आणि भोवरा फिरवायला शिकवणारा आजोबा प्रत्येक सोसायटीत एक तरी असतो. दोरीच्या उड्यांची दोरी, शटलकॉकची डबी, भिंग, नॅशनल बुक ट्रस्टची दोन पुस्तकं. गावाला जाऊन आलेले सावंतवाडीची लाकडी फळं आणतात, ती तर पोरं वर्षानुवर्षं खेळतात. आणि माझ्याकडूनच घ्या असं मी म्हणत नाही, तुळशीबाग कुठं लांब आहे?

रिटर्न गिफ्टबद्दल थोडंच बोलतो, ते वेगळंच प्रकरण आहे. संक्रांतीला बायका वाण लुटतात. घरी जज्ज आलेली असो की धुणीभांडीवाली, वाण सगळ्यांना एकच, स्टीलची वाटी नाहीतर कंगवा. त्यात कुणी मोजत नाही. आमच्याकडे रिटर्न गिफ्टच्या ऑर्डरी येतात त्यात मागच्या वर्षीपासून दोन भाव असतात : "तीस नग दीडशेचे, आणि आठ नग तीनशेचे, क्लोज फ्रेंड्ससाठी." पोरं गाडीत बसायच्या आधीच पिशव्या उघडतात, कोण क्लोज ते त्यांना तिथंच समजतं.

आता मागण्या. सरळ लिहितो.

मंगळवारचा ठराव मागे घ्या आणि तसं ग्रुपवर लिहा. 'ज्यांना जमत नाही त्यांनी पर्सनली मेसेज करावा' ही सवलत नको, कारण तो मेसेज टाइप करायला जो धीर लागतो तो पैशापेक्षा महाग आहे.

रक्कम ठरवायचीच असेल तर ती वरची ठरवा. दीडशेच्या वर कुणी द्यायचं नाही. ज्यांना भाच्या-पुतण्यासारखं जवळचं वाटतं त्यांनी घरी जाऊन काय हवं ते द्यावं, वर्गाच्या नावानं नको.

काँट्रीनं मोठी वस्तू घ्यायची असेल तर बंद पाकीट फिरवा. एका आईनं जमा करावं, किती जमले एवढाच आकडा सांगावा, कुणाचे किती हे सांगू नये. कार्डावर सदतीसही घरांची नावं असावीत, रिकामं पाकीट आलं असेल त्याचंही.

तो हिरव्या-लाल खुणांचा तक्ता आजच डिलीट करा. ज्यांनी भरून टाकलेत आणि परत हवेत, त्यांना ॲडमिननं न विचारता परत पाठवावेत. कारण विचारलं की नको म्हणणारेच जास्त निघतील.

पार्टीत सगळ्यांसमोर भेटी उघडू नयेत. पोरांना घाई असते मान्य, पण पाहुणे गेल्यावर उघडल्या तर काही बिघडत नाही. आणि सगळ्या वर्गाला बोलवायचं नसेल तर आमंत्रण वर्गाच्या ग्रुपवर टाकू नका, त्या घरांना फोन करा.

वर्गशिक्षिकांना यात ओढू नका. त्यांनी एकदा विचारलं होतं, वाढदिवसाला वर्गाच्या कपाटात एक पुस्तक ठेवलं तर कसं. कुणी उत्तरच दिलं नाही, मीही दिलं नाही. त्यांना आता हो म्हणू या, आणि तेही ज्याला जमेल त्यानंच.

ठराव मागे घेतला नाही तर मी काय करणार, असं एका बाबांनी परवा दुकानात येऊन विचारलं. काही करणार नाही. भांडण नाही, तक्रार नाही, ग्रुप सोडणार नाही. यादीत माझ्या नावापुढे लाल फुली आहे, ती वर्षभर तशीच राहील. येत्या शनिवारी ज्या घरी वाढदिवस आहे तिथं आम्ही तिघं जाणार आहोत, त्यांना तसं कळवलंय. लेक भोवरा घेऊन येतेय, जाळीसकट. तिला अजून स्वतःला नीट फिरवता येत नाही, पण रोज संध्याकाळी दुकानासमोर प्रयत्न चाललाय.

आपला,
तिसरी 'ब'मधल्या एका मुलीचा बाबा

ता. क. : ती ६४९ची सुटकेस सध्या ज्यांच्या कपाटात आहे त्यांनी कृपया सील तोडून पोरांसमोर टाकावी. स्केचपेन पडून राहिले की वाळायला लागतात. बदलून मात्र आता मिळणार नाही.